फिन्टन टॅलटीची मानाची हाक

फिन्टन टॅलटी मेला तेव्हा गावाला वाटलं, तो रुसलाय.

रविवारची दुपार होती. जार्लथच्या पबमध्ये गाणी चालली होती. फिन्टननं एक गाणं म्हटलं, गिटार खुर्चीला टेकवली, ग्लास उचलला आणि बाहेर जाऊन धक्क्याच्या भिंतीवर बसला. पाठ गावाकडे, तोंड समुद्राकडे. रुसला की तो असाच बसायचा, आणि रुसायला त्याला कारण लागत नसे. म्हणून कुणी गेलं नाही. फादर कॉन्सिडाइन सायकलवरून जाता जाता म्हणाले, "टोपी घाल फिन्टन, वारा बोचरा आहे." त्यानं उत्तर दिलं नाही. फादरना त्याची सवय होती. शेवटी जार्लथ स्वतः बाहेर गेला.

"हे बघ, तुझं नाटक तुझ्यापाशी ठेव. माझा ग्लास मला दे."

त्यानं फिन्टनच्या हातातून ग्लास ओढला. ग्लास भरलेला होता. तेव्हा जार्लथ घाबरला.

डॉक्टर म्हणाले, हृदय. जाऊन बराच वेळ झाला असावा. म्हणजे फादरनी मेलेल्या माणसाला टोपी घालायला सांगितली होती. यावर ते अजून कुणाला हसू देत नाहीत.

मी पबच्या खिडकीतून त्याची पाठ पाहत होते. ती पाठ मी ओळखत होते. मी डब्लिनहून साहित्याची पदवी घेऊन कॅरिगमोरला परत आले तेव्हा माझं काय करायचं हे गावाला कळेना. फिन्टनला लगेच कळलं. त्यानं माझ्या हातात गिटार दिली आणि म्हणाला, "चल, उचल. शिकलेल्या माणसानं ओझं वाहावं." तेव्हापासून आम्ही मित्र. तो पन्नाशीचा, मी पंचविशीची. गावात बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून लोक त्यावर बोलले. मग त्यांनी मला त्याला उचलून घरी नेताना पाहिलं आणि बोलायचं सोडून दिलं.

आता गाव म्हणतं, तो देवाघरचा माणूस होता. कॅरिगमोरला चार पब आहेत. तिघांनी त्याला जन्मभरासाठी दार बंद केलं होतं. चौथा जार्लथचा, आणि जार्लथ त्याचा मावसभाऊ, म्हणून त्याचा नाइलाज. आज चारही पबांत फिन्टनचा फोटो लावलेला आहे. त्यातल्या एका फोटोत तो दारातून बाहेर ढकलला जातोय. ढकलणाऱ्या मालकाचा हात तेवढा कापून टाकलाय. उरलेल्या फोटोत तो वाऱ्याला अंगावर घेणाऱ्या संतासारखा दिसतो.

तो गायचा कसा, हे मला नीट सांगता आलं पाहिजे. एवढं शिकून तेवढंही येत नसेल तर काय उपयोग.

आमच्याकडे जुनी गाणी वाद्याशिवाय म्हणतात. डोळे मिटून. शेजारी बसलेला माणूस गाणाऱ्याचा हात हातात धरतो, म्हणजे गाणारा फार लांब जात नाही. फिन्टननं गिटार आणली तेव्हा म्हातारे उठून गेले होते. मग एकेक परत आले. त्यानं तारा सैल करून लावल्या होत्या. शेजारच्या खोलीत कुणी अनवाणी चालावं तशी ती गिटार गाण्याखालून चालायची. आवाज मोठा नव्हता. फक्त ओळ संपण्याआधी तो किंचित खाली घसरायचा. अंधारात शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं ऐकणाऱ्याचं व्हायचं. ती घसरण शिकायला जर्मनीहून माणसं यायची. वह्या घेऊन, यंत्रं घेऊन. फिन्टन त्यांना मनापासून चुकीचं शिकवायचा. जर्मनीत कुठंतरी आज एक अख्खा वर्ग ओळीच्या शेवटी वर चढतो.

एवढी देणगी घेऊन आलेल्या माणसानं काय करावं? फिन्टननं जे जमेल ते मोडलं. अमेरिकेचा दौरा ठरला होता. निघायच्या आधी त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. गाव सांगतं, एका बाईच्या अब्रूसाठी त्यानं तिघांशी हाणामारी केली. मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. पबचं काचेचं दार आपल्याकडे ओढायचं होतं. त्यानं ढकललं. उघडेना म्हणून गुद्दा मारला.

त्यानंतर तो उरलेल्या बोटांनी वाजवायचा. जाणकार म्हणतात, तेव्हापासून त्याच्या वाजवण्यात खरी खोली आली. मी आधीच्या टेपा ऐकल्यात. खोली आधी होती. नंतर फक्त कमी सूर होते.

त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं बुडालेल्या बापाचं. बाप होडी घेऊन जातो, वादळ येतं, पोरगा किनाऱ्यावर उभा राहून हाका मारतो. ते ऐकून बोटीवरचे दांडगे लोक ढसाढसा रडायचे. त्याचा बाप पोस्टमन होता. पाण्याला इतका घाबरायचा की धक्क्यावरची पत्रं दुसऱ्याकडून पाठवायचा. तो एनिसच्या दवाखान्यात वारला, कोरड्या गादीवर.

आता डिम्फना.

डिम्फना फिन्टनची मोठी बहीण. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करते. जाड काचांचा चष्मा, पुरुषी चाल. बापाच्या घरात दोघं राहायची. फिन्टनचे कपडे तीच धुवायची आणि तो कुठं पडलाय हे तिलाच फोन करून सांगितलं जायचं. दर रविवारी एक वाजता तिचं जेवण तयार असायचं. दर रविवारी तो येत नसे. दर रविवारी ती कोट घालून पबच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "जेवण गार होतंय." एवढंच. ती आत कधी पाऊल टाकत नसे.

एके काळी दोघं बरोबर गायची. माझ्या जन्माच्या सुमाराला डब्लिनच्या मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम होता. डिम्फनानं त्यासाठी हिरवा ड्रेस शिवला होता. फिन्टन सकाळपासून प्यायला होता. ती गात असताना अर्ध्या गाण्यात त्यानं गिटार थांबवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिला येत नाही हो. हिला मी आणलं, कारण ही सामान उचलते." लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच विनोद आहे. डिम्फनानं गाणं पुरं केलं. वाकून नमस्कार केला. बसनं घरी आली. त्यानंतर ती गायली नाही. भावाला तिनं त्याबद्दल एक शब्द विचारला नाही, आणि त्यानं कधी विषय काढला नाही. दोघं एकाच टेबलावर बटाटे खात राहिली.

आमच्याकडे मानाची हाक असते. ज्याचं गाणं संपतं त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलेल्यानं गायचंच. घसा बसलाय, येत नाही, लाज वाटते, काही चालत नाही. आणि त्यानं गायल्याशिवाय दुसऱ्या कुणाला तोंड उघडता येत नाही. एकदा हाक दिली ती नेमकी बायकोला सोडून लिव्हरपूलला पळालेल्या माणसाच्या नावानं. कुणाला तो पळाल्याचं माहीत नव्हतं. तो नाताळला शरमेनं परत येऊन दोन ओळी गायला, तोवर कॅरिगमोरमध्ये नुसती वादनं झाली. बायकोपेक्षा गावच त्याच्यावर जास्त चिडलं होतं.

फिन्टन या हाकेनं लोकांची गंमत करायचा. बँकेच्या मॅनेजरला द्यायचा. नवऱ्याशी भांडून बसलेल्या बाईला द्यायचा. हनराहन मास्तरांना हटकून द्यायचा, कारण मास्तर सुरात कधीच नसत आणि त्यांना ते माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं फक्त एका माणसाला हाक दिली नव्हती.

त्या रविवारी त्याचं गाणं संपत आलं तेव्हा डिम्फना नेहमीसारखी दारात येऊन उभी होती. त्यानं डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं.

"मानाची हाक," तो म्हणाला. "डिम्फना टॅलटी."

डिम्फनानं चष्मा नाकावर वर सरकवला.

"जेवण गार होतंय," ती म्हणाली आणि निघून गेली.

तो हसला. ग्लास उचलून बाहेर गेला. पुढचं मी सांगितलंच.

त्यानं माफी मागितली की खोडी काढली, हे मला अजून कळलेलं नाही. त्याला तरी माहीत होतं का कोण जाणे. फिन्टनला दोन्ही एकाच स्वरात जमायचं.

सोमवारी मयत घरात ठेवलं होतं. पुढच्या खोलीत शवपेटी, उघडी. त्याला कुणीतरी टाय बांधला होता. जिवंतपणी त्यानं हे करू दिलं नसतं. दुपारपर्यंत सगळं गाव आलं. ज्यांनी त्याला हाकललं होतं ते आधी आले. चहा, हॅमची सँडविचेस, फ्रूटकेक. सगळे खात होते, हळू आवाजात बोलत होते आणि घसे खाकरत होते. कारण कॅरिगमोरमध्ये मयताला गाण्यांशिवाय मातीत घालत नाहीत. आणि हाक डिम्फनावर होती. ती गायल्याशिवाय कुणी गाऊ शकत नव्हतं.

हनराहन मास्तर काळ्या टायमध्ये होते. एका रात्रीत ते समितीचे अध्यक्ष झाले होते. समितीही त्याच रात्री झाली होती. दर वसंतात फिन्टन टॅलटी गीतसप्ताह भरवायचा, असा त्यांचा बेत. दाराजवळ रेडिओवरचा एक तरुण माइक घेऊन उभा होता, मास्तरांनी बोलावलेला. बहीण इतक्या वर्षांनी भावासाठी गाते, ते त्याला टिपायचं होतं. सप्ताहाची सुरुवात तिथूनच होणार होती.

मास्तर स्वयंपाकघरात आले. डिम्फना पाव कापत होती. मी लोणी लावत होते.

"डिम्फना, एकच गाणं. बुडालेल्या बापाचं."

"आमचा बाप बुडाला नव्हता मास्तर. तुम्ही आला होतात त्याच्या मयताला. हॅम चांगलं झालंय म्हणाला होतात."

"अगं, ते काव्यातलं सत्य. ऊना सांगेल तुला. काय गं ऊना? तू शिकलीस ना?"

"बाप पोस्टमन होता," मी म्हटलं.

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या पदवीवर त्यांचाच पैसा खर्च झाला होता. मग जार्लथ आला. त्याचे डोळे सुजले होते. त्याचं दुःख खरं होतं.

"डिम्फना, लोक सकाळपासून बसलेत. त्याला असाच पुरायचा का? कुत्र्यासारखा?"

"कुत्रा जेवायच्या वेळेला घरी येतो जार्लथ."

"अगं, मेलाय तो."

"मला माहीत आहे. त्याच्या ताटातलं मीच काल कोंबड्यांना घातलं."

जार्लथ रडायला लागला. डिम्फनानं त्याला पावाचा तुकडा दिला. तो खात खात रडला आणि बाहेर गेला.

ती सुरी पुसत उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"तुला कळतंय का, त्यांना काय हवंय? माझं गाणं नकोय. मी माफ केलं असं त्यांना ऐकायचंय. एकदा मी केलं की सगळे सुटले. ज्यांनी पाजली तेही, ज्यांनी हाकलला तेही, आणि त्या दिवशी डब्लिनला जे हसले तेही. यातले निम्मे होते तिथं. बस भरून गेले होते."

"मग नको गाऊस."

"आणि त्याला मुक्यानं जाऊ दे?"

दोन्ही बाजूंनी तीच अडकली होती. गायली तर भाऊ त्यांचा झाला. नाही गायली तर त्याच्या मयतावर एक सूर नाही, आणि तेही तिच्याच नावावर. फिन्टननं जाता जाता शेवटची कामगिरी चोख केली होती.

"गिटार कुठंय त्याची?" तिनं विचारलं.

"पबमध्ये. खुर्चीला टेकवलेली."

"राहू दे तिथंच."

तिनं एप्रन काढला. घडी करून खुर्चीवर ठेवला. हात धुतले. हे सगळं तिनं इतकं सावकाश केलं, की मला वाटलं ती विचार बदलेल. मग ती पुढच्या खोलीत गेली.

रेडिओवाल्यानं माइक पुढं केला. मास्तरांनी रुमाल काढून तयार ठेवला. जार्लथ तिच्याशेजारी उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणे धरायला हात पुढं केला. डिम्फनानं त्या हातात रिकामा कप ठेवला.

तिनं डोळे मिटले नाहीत. पेटीकडे बघत ती गायली.

*पत्र आहे, पत्र आहे, दार उघड बाई,*
*कुत्र्याला तू बांध आधी, पोस्टमनला घाई…*

तिच्या बापाचं गाणं. सायकलवर म्हणायचा तो. गावातल्या एकेका कुत्र्याचं नाव त्यात येतं आणि ते कुत्रं कुठं चावलं तेही. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मास्तरांचा रुमाल अर्ध्यावर थांबला.

मग ओळ संपत आली आणि तिचा आवाज किंचित खाली घसरला.

हसणारा थांबला. दुसऱ्या ओळीला ती पुन्हा तशीच घसरली. न ठरवता, पाणी ओतावं तशी. जर्मन लोक जे शिकायला यायचे ते हेच होतं. फिन्टनचं म्हणून जे जगभर गेलं ते या बाईचं होतं, आणि तिच्याकडून ते फिन्टननं घेतलं होतं. ही दवाखान्यात बटाटे सोलत होती. मी त्याची गिटार वाहिली, त्याच्याबरोबर तासन्‌तास बसले, त्याच्या गाण्यावर मान हलवत जाणकारासारखी बोलले. मला कधी सुचलं नाही, की घरात गाणारं दुसरं माणूस आहे.

कुत्रे संपले. गाणं संपलं. कुणी हललं नाही. मास्तरांनी मात्र स्वतःला सावरलं. गाणं संपलं की हाक निघते. ते छाती काढून उभे राहिले. बुडालेल्या बापाची पहिली ओळ त्यांच्या ओठांवर आलेली मला दिसत होती.

"मानाची हाक," डिम्फना म्हणाली.

मास्तरांनी घसा साफ केला.

"फिन्टन टॅलटी."

आधी कुणाला कळलंच नाही. दोघातिघांनी खरोखर दाराकडे पाहिलं. तो उशिरा यायचा.

"ही चेष्टा आहे," मास्तर म्हणाले.

"हाक आहे."

"अगं पण तो गाणार कसा?"

"ते त्यानं बघावं. मला देताना त्यानं विचारलं होतं का, मी गाणार कशी?"

"फादर, तुम्ही तरी सांगा हिला. ही हाक मोडीत काढा."

फादर कॉन्सिडाइननी खाली पाहिलं. "बाप्तिस्मा, लग्न आणि मयत एवढं माझ्याकडे आहे मास्तर. हाक जार्लथकडे, पब त्याचा."

सगळे जार्लथकडे वळले. तो कप हातात धरून उभा होता.

"दिली म्हणजे दिली," जार्लथ म्हणाला. "थांबावं लागेल."

मग आम्ही थांबलो. गंमत म्हणून नाही. रिवाज होता म्हणून थांबलो. नाव घेतलेला माणूस गायला लागण्याआधी जसं सगळं शांत करतात, तसं कुणीतरी लहान मुलाच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं. म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. रेडिओवाल्यानं सवयीनं माइक पेटीकडे वळवला. फिन्टन जिवंतपणी गात असताना मागं कुणीतरी नेहमी बोलायचं, ग्लास आपटायचं. त्या दुपारी कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. गायच्या आधी तो खालचा ओठ चावायचा. मी त्याची वाट बघत होते.

ओठ हलला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तो मेलाय. मी पेटीजवळच्या स्टुलावर बसले. डिम्फनानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली. "सँडविचेस अजून आहेत. टाकून देणार नाही मी."

मंगळवारी त्याला पुरलं. त्या दिवशी कुणी गायलं नाही. त्यानंतरही नाही. मास्तरांचा गीतसप्ताह वसंतात झाला. सात दिवस भाषणं झाली. गाण्याच्या वेळेला एक मिनिट शांतता पाळत. पाटीवर समितीचीच नावं फिन्टनच्या नावापेक्षा मोठी निघाली. मास्तर बिशपला पत्र लिहिणार आहेत म्हणे, की मेलेल्या माणसावरची हाक उठवता येते का. बिशप अजून आमच्या गावाच्या नादी लागलेले नाहीत.

डिम्फना मात्र गाते. पबमध्ये नाही, कार्यक्रमात नाही. घरात, एकटी. भांडी घासताना कुणावर हाक नसते. रविवारी एकच्या सुमाराला मी तिच्याकडे जेवायला जाते तेव्हा रस्त्यावर लोक दिसतात. फादर सायकल हातात धरून चालतात. जार्लथ कुत्रं फिरवतो, आणि ते कुत्रं त्याचं नाहीच. हनराहन मास्तरांच्या बुटाची नाडी नेमकी तिच्या खिडकीखाली सुटते. ते वाकतात आणि बराच वेळ वाकलेलेच राहतात.

ती ओळीच्या मध्यावर थांबते, हात पुसते आणि खिडकी लावून घेते.